नेहमीसारखीच सुंदर

स्मार्ट चष्मा दुरुस्तीला दिला होता, म्हणून ऋजुताने शेजारच्या विजूताईंची नवी कथा जुन्या फोनवर उघडली. एका गाजलेल्या मालिकेतल्या राणीवर विजूताई हौसेने कथा लिहीत. वाचकांना चुका खपत नसल्यामुळे आता सगळ्यांचे चष्मे मजकूर परस्पर शुद्ध करूनच दाखवत. फोनवर मात्र 'कुलूप'चं 'लुकूप' झालं होतं, राणीचं नाव तीन तऱ्हांनी आलं होतं, वाक्यं अर्ध्यावरच सुटली होती. खाली शेकडो वाचकांनी लिहिलं होतं, 'नेहमीसारखीच सुंदर!'

ऋजुताने मागच्या कथा चाळल्या. वर्षभर हे वाढतच चाललं होतं. तिने घाबरून फोन लावला.

"विजूताई, उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ या."

"दिसलं तुला?" विजूताईंनी विचारलं. "शब्द निसटतात गं. पण सगळे सुंदर म्हणतात, म्हणून वाटायचं, मलाच भास होतोय."