ओंडक्याच्या मापाची शेगडी

आईला घेऊन रोरोस गावातल्या तिसऱ्या दुकानात शिरताना टूरुनचे पाय भरून आले होते. आईच्या घरातली जुनी शेगडी तडकली होती आणि हिवाळा तोंडावर होता. “दोन खोल्यांना ही धाकटी पुरे,” दुकानदार म्हणाला. “थोरलीनं तर आजीबाई भाजून निघतील!” टूरुननं पिशवीतून बर्च झाडाचा ओंडका काढून धाकटीत घातला. तो वीतभर बाहेरच राहिला. “घ्या की सगळे ओंडके कापून,” दुकानदार म्हणाला. वसंतात वडिलांनी फोडून रचलेली रास आता कुठे वाळली होती. ती पेटलेली बघायला ते राहिले नव्हते. टूरुन थकून मान डोलावणार, तोच आई बोलली, “तुझ्या बापाला जन्मभर सांगितलं, ओंडके आखूड काप. ऐकेल तर शपथ!” तिनं ओंडका थोरल्या शेगडीत सरकवला. शेगडीचं दार नीट लागलं. “हीच द्या,” ती म्हणाली. “त्याच्या हट्टाला करवत लावायची नाही. उकडलं तर खिडक्या उघडीन.”