हलकी लेन्स

राजपालनं दोन्ही लेन्स काचेच्या काउंटरवर उभ्या केल्या आणि रवीकडं सरकवल्या.

"पाहा दादा. दोन्हींची रेंज, म्हंजे लांबचं ओढून आणायची ताकद, जवळपास एकच. उजेडबी सारखाच घेतात. ही जड आहे, पण हात हलला तरी इच्यात फोटो हलत नाही. ही हलकी, हिले ते बटन नाही. बाकी काही फरक नाही."

रवी भाजीचा मळा करणारा माणूस. कॅमेऱ्याचं त्याला चालू-बंदपलीकडं काही कळत नव्हतं. आदल्या दिवशीच त्यानं बायकोला विचारलं होतं, ही लेन्स मोबाईललेबी बसते का? कॅमेरा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रियदर्शनीच्या गळ्यात होता.

"मले शंकरपटासाठी पाह्यजे," ती म्हणाली.

"शंकरपट शूट करता का दादा तुमी?" राजपालनं रवीला विचारलं.

"मी नाही, हीच करते. शर्यतीच्या बैलजोड्या सुटल्या की पट्टीच्या दोरीजवळ उभी राहून फोटो काढते. जोडीवाले घरी येऊन सांगून जातात, तुमीच या म्हणून."

"अरे वा! डेरिंगबाज आहेत वहिनी," राजपाल हसला, रवीकडं पाहून. "मंग तर जड लेन्स नोकोच. वहिनीले दिवसभर झेपायची नाही."

प्रियदर्शनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण तिला हलकीच हवी होती.

पावसाळाभर ती या दोन लेन्समध्ये अडकली होती. इतक्या सारख्या, की एकीचं ठरवलं की दुसरी डोळ्यांपुढं यायची. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणभणलं. शेवटी एक दिवस भाकरी थापता थापता तिचं तिलाच उमगलं, की पटावर हलतात ते बैल. हात कितीही स्थिर ठेवला तरी बैल थोडेच थांबतात? तिथं ते बटन असून नसून सारखंच. तिथं लागतो जोडीबरोबर झरकन फिरणारा हात. त्या दिवशी उरलेल्या भाकरी तिनं गाणं गुणगुणत थापल्या होत्या. आज वाशीमला ती फक्त हातात घेऊन पाहायला आणि घेऊन जायला आली होती.

आणि आता हलकी मागितली, तर ती या माणसाच्या सांगण्यावरून मागितल्यासारखी होत होती.

"जड दाखवा," ती म्हणाली.

तिनं ती कॅमेऱ्याला लावली, दुकानाच्या पायरीवर आली आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरली. हात थरथरत होता. रागानंच थरथरत होता, पण तिच्याशिवाय ते कोणाला कळणार? फोटो मात्र स्वच्छ आला. मग हलकी लावली. पाटीवरची अक्षरं पुसटली.

"पाहा दादा, जड लेन्सनं हात कसा भरून आला. आता हलकीबी हलून राह्यली," राजपाल म्हणाला.

"वजनानं नाही हलत," ती म्हणाली.

"मंग कायनं?"

ती आत आली आणि तिनं लेन्स काढून काउंटरवर ठेवली.

"राहू दे वं," रवी समजुतीच्या सुरात म्हणाला. "हलकीच घे. माह्यं ऐक."

एक क्षण तिला वाटलं, जडच घ्यावी. घ्यावी आणि दोघांच्या नाकावर टिच्चून दिवसभर मिरवावी. मग तिच्या डोळ्यांपुढं इंझोरीचा पट आला. भर दुपार, जोडी समोरून सुटली, अन् लेन्स वीतभर मागं राहिली. फोटोत नुसती धूळ. यांचं तोंड बंद कराले आपला फोटो कायले घालवायचा?

"हलकी द्या," ती म्हणाली.

"मी म्हटलंच होतं," राजपाल म्हणाला. "बिल कोणाच्या नावानं करू दादा?"

रवीनं आपलं नाव सांगितलं.

परतीच्या वाटेवर ती मोटारसायकलवर मागं बसून होती, लेन्सचा डबा मांडीवर धरून. रवी खुशीत होता. मान मागं वळवून ओरडून बोलत होता. "माणूस चांगला होता हं! दुसरा असता तर जड गळ्यात मारली असती. बरं झालं, त्यानं सुचवलं."

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"काहून?"

"थांबवा म्हटलं ना."

दोन्ही बाजूंना तूर उभी होती. तुरीतून एक मोकळी पांदण आत गेली होती, बैलगाडीपुरती रुंद. प्रियदर्शनी उतरली. डबा उघडून तिनं लेन्स लावली.

"तुमी सरळ आत जा. त्या बाभळीपासून वळा, अन् जोरात या. माह्या अंगावर."

"येडी झाली का?"

"पट समजा. या."

रवी गेला. बाभळीजवळ वळला. सुरुवातीला बिचकत आला, मग तिनं हातानं खूण केली तसा त्यानं गाडी सोडली. धूळ उठली. प्रियदर्शनीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती वाटेच्या मधोमध तशीच उभी राहिली. रवी ओरडला, हॉर्न वाजवला, शेवटी त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक घसरत आडवं झालं.

"हटली काहून नाही?" तो धापा टाकत होता. "मेली असती ना!"

तिनं कॅमेरा खाली घेतला आणि फोटो त्याच्यापुढं धरला. त्याच्या मिशीवर बसलेली धूळ, फाटलेले डोळे, कपाळावरची फुगलेली शीर. सगळं कोरल्यासारखं आलं होतं.

रवीनं मिशीवरून हात फिरवला. "किती जवळ आलतो मी," तो पुटपुटला.

"नाही," प्रियदर्शनी लेन्सचं झाकण लावत म्हणाली. "लांबच होते तुमी. याच्यातून जवळ दिसता."