उद्या भेटू

नवऱ्याला थांगपत्ता लागू नये म्हणून तिने घर, शहर, फोन नंबर, सगळं बदललं. लेकीच्या हट्टापायी फोनवरच्या फ्रेंच शिकवणीचं जुनं खातं तेवढं राहू दिलं. तिथे आता नवे सर आले होते. ते कधी बोलत नसत, फक्त लिहून शिकवत. पण शिकवत फार हौसेने. खिडकीतून काय दिसतं, शाळेला कुठल्या रस्त्याने जातेस, सगळं लेकीकडून फ्रेंचमध्ये लिहून घेत.

"मैत्रिणीचा निरोप घेताना 'आ द्मँ' म्हणायचं. म्हणजे उद्या भेटू. म्हण ना आई!"

आई भांडी विसळता विसळता काहीतरी भलतंच म्हणायची.

"शी! तुझी जीभ म्हणजे अगदी लाकूड आहे." मग दोघी पोट धरून हसायच्या. किती दिवसांनी घरात हसू आलं होतं!

आज लेक फोन घेऊन धावतच स्वयंपाकघरात आली.

"आई, सरांनी आज 'आ द्मँ' लिहिलंच नाही. 'आ तू द स्वीत' लिहिलंय."

"म्हणजे काय गं?"

 

"म्हणजे, लगेच भेटू. म्हणून मी दाराची कडी काढून आले."