भिंतीवरचा फोन

फरशी बसवणाऱ्या नवऱ्यापाठोपाठ ती या शहरात आली, त्याला आठ दिवस झाले होते. शिवणकामाच्या कारखान्यात काम ठरलं होतं, पण एकटीने बाहेर पडायचं म्हटलं की ती उंबऱ्यातूनच मागे फिरे. त्यात नवऱ्याचं पालुपद रोजचंच, "मी पहिल्याच दिवशी कुणालाही न विचारता अख्खं शहर पालथं घातलं."

गल्लीच्या तोंडाशी एका चित्रकार बाईने भिंतभर निळा फोन रंगवला होता आणि त्याखाली खराखुरा नंबर. तो लावला की आधी आलेल्या माणसांनी नव्यांसाठी आपापल्या भाषेत रेकॉर्ड करून ठेवलेले अनुभव ऐकू येत. कामाच्या पहिल्या सकाळी, नवरा गेल्यावर, तिने मोबाइलवरून तो लावला. एक पुरुष सांगत होता, "कुठे उतरायचं ते विचारायची लाज वाटली, म्हणून बसमध्ये बसूनच राहिलो. डेपोत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला ड्रायव्हरने आपली बिस्किटं पुढे केली, तेव्हा रडूच कोसळलं. तेव्हा बाबांनो, बिनधास्त विचारा. कुणी खात नाही."

तिने ते तीनदा ऐकलं, पोट धरून हसली, पायात चपला सरकवल्या आणि दहा जणांना विचारत वेळेवर कारखान्यात पोचली.

संध्याकाळी ताटावर बसलेल्या नवऱ्याने ती एकटी कामावर जाऊन आल्याचं ऐकलं आणि छाती फुगवली. "शेवटी बायको कुणाची आहेस. मीसुद्धा पहिल्या दिवशी..."

"ते राहू द्या," ती वाढता वाढता म्हणाली. "ड्रायव्हरची बिस्किटं गोड होती की खारी?"