दादाचे रूळ

थोरला भाऊ गेला आणि त्याच्या खेळण्यातल्या आगगाडीचे जुने रूळ धाकट्या फिटर भावाकडे आले. इंजिन कधीच मोडलं होतं. नवं आणायचं ठरलं होतं, प्रश्न होता रुळांचा.

"भाऊजी, रूळही नवेच घ्या," वहिनी म्हणाली. "तुमचे दादा घरापेक्षा यांच्यातच जास्त राहिले."

"पितळ आहे हे. आजकालचा पत्रा चार दिवस टिकत नाही." माणूस गेला की त्याची आवडही भंगारात घालायची, या घाईची त्याला चीड होती.

त्याने टेबलावर रुळांचा गोल जोडला आणि फडकं पांढरं निघेपर्यंत स्पिरिटने पुसला. चहा झाल्यावर सहज पुन्हा फडकं फिरवलं. काळं झालं. ते काळं चाकांचं असतं, गाडी धावल्याशिवाय चढत नाही.

तीनदा पुसलं. तीनदा काळं.

"फेका आता," वहिनी पुटपुटली.

त्याने एक तुकडा उपसून तिच्या हातात दिला. तिने तो कचऱ्यात टाकला. तिच्या तळहातावर दोन बारीक काळ्या रेघा उमटल्या होत्या. तिने त्या स्पिरिटने पुसल्या. गेल्या.

मग दोघांच्या डोळ्यांदेखत रेघा पुन्हा उमटल्या, आणि शेजारी शेजारी, मनगट ओलांडून, कोपराकडे निघाल्या.