ड्वेनच्या तोंडून खरं

"या वेळी खरं बोलायचं हं, ड्वेन," घरच्या बिअरसाठी पातेल्यातलं जवाचं गोड पाणी ढवळत मार्लिसनं नवऱ्याला बजावलं.

"मी कधी खोटं बोललो?"

"लागोपाठ तीन खेपा. दरवेळी आपलं 'छान झालीय!' गेल्या खेपेला तर बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. सगळी सिंकमध्ये ओतली मी."

"जिभेला बरी लागली मला."

पूर्वी हा माणूस असा नव्हता. याकिमातल्या बिअरच्या कारखान्यासाठी ड्वेन तेवीस वर्षं हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणारी फुलं, निवडत होता. दर सप्टेंबरला मळेवाले नमुने मांडत. ड्वेन ती फुलं तळहातांवर चोळायचा, हुंगायचा आणि एकाकडे बोट दाखवायचा. कारखान्याची वर्षभराची बिअर त्या बोटावर ठरे. बायकोच्या गॅलनभर बिअरलाही तो नाक मुरडल्याशिवाय सोडत नसे.

वसंतातल्या तापातून उठला आणि स्वभावच बदलला. सगळंच छान. परवा टोस्ट जळून कोळसा झाला, तर हा शेजारी बसून निवांत पेपर वाचत होता.

"म्हातारा झालो गं," म्हणाला.

मार्लिसला असला गोडगोड नवरा नको होता. यंदाच्या निवडीआधी त्याच्या तोंडून खरं काढायचंच, असा तिनं चंग बांधला होता. निवडीला तीन आठवडे उरले होते.

पाण्याला उकळी फुटली तशी तिनं साध्या हॉप्सची मूठ टाकली. तासभर उकळून यांचा वास उडून जातो, कडूपणा तेवढा उरतो. वासाचे हॉप्स नंतर, बिअर आंबून शांत झाल्यावर घालायचे. त्यासाठी ड्वेननं कारखान्यातून उत्तमातलं एक हिरवं पाकीट आणून दिलं होतं. तिनं ते फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवलं.

दहाव्या दिवशी ती बिअर आंबत ठेवलेल्या गॅरेजमधून बाहेर आली, तेव्हा ड्वेन गवत कापत होता.

"आज हॉप्सचा दिवस ना गं?"

"तारीख पाठ आहे मला. तू आपलं गवत काप."

बाटल्या भरल्या, आठवडाभर ठेवल्या. निवडीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तिनं ओसरीवर त्याच्यासमोर ग्लास ठेवला. फेस झकास धरला होता.

ड्वेननं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. मग एक घोट घेतला.

"काय सांगू तुला! संत्र्याची साल. मागून पाइनचा चीक. अगं, सगळी ओसरी घमघमतेय! मार्ली, जिंकलीस तू."

"खरं सांगतोयस?"

"माझ्या नाकाची शपथ! उद्या मी डोळे झाकून हेच हॉप्स निवडणार."

मार्लिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला त्याची इतकी माया आजवर कधी वाटली नव्हती.

"जेवायला मटार करते," ती म्हणाली आणि आत गेली.

फ्रीझर उघडून तिनं मटारची पिशवी उचलली. खाली हॉप्सचं हिरवं पाकीट होतं, अजून न फोडलेलं.