भुईमुगात आडवी

“दादा, दोरीच्या अलीकडं पाऊल टाकलंस, तर पाय इथंच सोडून घरी जाशील.”

कुइरेनं कुदळ डोक्यावर उचलली. समोर झियेम, सख्खा थोरला भाऊ, गावाचा मुखिया. त्याच्याही हातात कुदळ. पाठीशी अर्धं गाव. शाळेच्या पायाचा चर खणत खणत माणसं कुइरेच्या भुईमुगापाशी, आखणीच्या दोरीजवळ येऊन थांबली होती.

जुनी शाळा खोलगटात होती, पावसात बसली. गावात उंचवटा एकच, तो कुइरेचा. तिथले दगड त्यानं एकट्यानं वेचलेले, बोटं सोलवटून. आणि झियेमनं भरल्या सभेत ती जागा परस्पर देऊन टाकली. शाळा नको असं कुइरेला वाटत नव्हतं. त्याची स्वतःची पोर झाडाखाली बसून शिकत होती. पण विचारायचं तरी!

“हो बाजूला,” झियेम म्हणाला. “पोरांच्या आड येतोस?”

“तुझ्या आड येतोय.”

झियेमनं पाऊल टाकलं. कुइरेच्या दंडाची शीर तटतटली. बायका किंचाळल्या.

तेवढ्यात अकोल्गोबाई धावल्या. शाळेच्या मास्तरीणबाई, पेरणीच्या सुमाराला बदलून आलेल्या. दोघांच्या मधे घुसल्या आणि भुईमुगात सरळ आडव्या झाल्या. बरोब्बर कुदळीखाली.

“मार की रे, गुलामा!” त्या कुइरेला म्हणाल्या. “डगाऱ्याच्या हातून फ्राफ्रा मेली, असं एकदा होऊनच जाऊ दे.”

कुइरे थिजला. अकोल्गो म्हणजे फ्राफ्रा, हे नावावरूनच कळतं. बाई इथली बोली अडखळत बोलायच्या, तर लोक म्हणायचे, शहरात वाढून बिघडलेली फ्राफ्रा. गाव डगाऱ्यांचं, आणि डगारा-फ्राफ्रा या दोन जमाती म्हणजे आज्या-पणज्यापासूनचे थट्टेचे सोयरे. फ्राफ्रानं कितीही शिव्या घालाव्यात, डगाऱ्यानं रागवायचं नाही. हात उगारला तर घराला शाप. बापाच्या मयतीला असाच एक फ्राफ्रा कबरीत जाऊन झोपला होता. कोंबडी घेतली तेव्हाच उठला.

“ऊठ गं, कुत्रेखाऊ फ्राफ्रे!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा फुटला.

“माझं देणं द्या, मग उठते.”

“काय पायजे?” कुइरेनं दात चावत विचारलं.

“जेवढ्या जागेत पडलेय, तेवढी.”

“घे.”

“मला झोपेत लोळायची खोड आहे हं,” म्हणत बाई कुशीवर वळल्या. मग पालथ्या. मग पुन्हा उताण्या. दोरीच्या कडेकडेनं लोळत, वेली चिरडत, पार शेताच्या टोकाला जाऊन थांबल्या. फुलाफुलांचा झगा मातीनं माखला. गाव पोट धरून हसत होतं. झियेमसुद्धा. कुइरेला हसायचं नव्हतं. तरी आलंच, मेलं. कुदळ खाली आली.

“घे बाई, सगळं घे!” तो भावाकडं बघत ओरडला. “तू निदान मागितलंस तरी!”

झियेमनं मान खाली घातली.

कुइरे टोकाला गेला आणि बाईंना उठवायला हात दिला. त्यांचा हात गार पडला होता.

“एवढी काय घाबरलीस? फ्राफ्रावर कोण हात टाकणार होतं?”

बाईंनी मागं पाहिलं. माणसं लांब होती.

“फ्राफ्रा माझा नवरा आहे,” त्या पुटपुटल्या. “मी कुमासीची. तिकडं दक्षिणेतली. तुमचं-आमचं काहीच नातं नाही.”

कुइरेनं चराकडं वळून आवाज चढवला.

“अरे, पिटो दारूचा तुंबा आणा रे कुणीतरी! आपली फ्राफ्रा दमलीय!”